आईचा कागदाचा हार

माझी आई फुलवाल्यांच्या घरची. अंजनगाव सुर्जीकडे मामाचा मळा आहे. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. लहानपणी सुटीत आम्ही जायचो तेव्हा पहाटे ओल्या पोत्यात बांधलेली फुलं गाडीत चढायची आणि दिवसभर घराला तोच वास. अशा घरातली बाई पन्नाशी उलटल्यावर कागदाची फुलं करायला लागली, म्हणून मामानं तिची किती टर उडवली असेल, विचारू नका. "आमच्या मळ्यातली फुलं सरली का वं, कागद गुंडाळून राहिली थे?" असं तो दर राखीला म्हणायचा. आई हसायची आणि गुंडाळत राहायची.

हा नाद तिला मीच लावला होता. मी अकोल्याला शाळेत शिकवते. मुलींच्या कार्यानुभवासाठी क्विलिंग शिकले होते, रंगीत कागदाच्या बारीक पट्ट्या सुईवर गुंडाळायच्या, सैल सोडायच्या, चिमटीत दाबून पाकळी करायची, डिंकानं चिकटवायची. मला ते कधी नीट जमलं नाही, मला धीर नाही. आईनं एका दुपारी पाहिलं आणि माझ्या हातातून सुई काढून घेतली. "आण इकडं, तू त कागदाशी भांडून राहिली." त्यानंतर अमरावतीच्या आमच्या घरात टेबलावर जेवायला जागा उरली नाही. भेटकार्डं, रुखवताच्या पाट्या, मोर, तोरणं. तिची गुंडाळी इतकी घट्ट असायची की नखानं टोकरलं तरी सुटत नसे.

बाबांना ते आवडायचं. धामणगाव रेल्वे गावात कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं, हातानं काही नीट झालेलं दिसलं की माणूस खूश. तिच्या पट्ट्या कापायला त्यांनी पत्र्याची एक मापपट्टीच करून दिली होती, सगळ्या एका रुंदीच्या निघायच्या. दोघं संध्याकाळी समोरासमोर बसायचे, ते कापायचे, ती गुंडाळायची, आणि दोघांची तोंडं अखंड चालू. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचं मोडलं, भेंडी काय भाव.

मग आई आजारी पडली. पोटातलं होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली, बरं वाटलं, आणि परत उलटलं. दुसऱ्या वेळेस डॉक्टर आमच्याशी बोलताना आईकडे पाहीनात, तेव्हाच ती समजली. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एवढं शिकलेलं माणूस, त्याले तोंडावर सांगता येत नाही का?" बाबा म्हणाले, "काही नाही होत, औषध बदलतील." आई म्हणाली, "हाव, बदलतील."

त्यानंतरच्या शनिवारी मी अकोल्याहून आले, तर टेबलावर पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचे ढीग. पिवळ्या पट्टीची एक बाजू कात्रीनं बारीक बारीक कातरायची आणि मग गुंडाळायची, की झेंडू होतो. मी विचारलं, कोणाचं लग्न आहे? ती म्हणाली, "लग्न कोनाचं? माया फोटोचा हार हाय हा."

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. चुकून कोणी घातला तर म्हातारी माणसं ओरडतात, पटकन काढायला लावतात, वर त्या माणसाला गोड खाऊ घालतात. आणि इथं ही बाई स्वतःच स्वतःच्या फोटोचा हार करत बसलेली, भाजी निवडावी तशी.

"डोकं फिरलं का तुझं?" मी म्हणाले.

"नाही फिरलं. बोटं चालली हायेत माही, म्हणून घाई करून राहिली."

बोटं खरंच चालली होती. केमोनं हातापायांची टोकं बधिर होतात, तिची जास्तच झाली. पट्टी चिमटीत आहे की गळून पडली हे तिला पाहिल्याशिवाय कळत नसे. गाउनची गुंडी लागत नसे, आणि ही झेंडू करायला निघालेली.

बाबांनी तो हार ओळखला तेव्हा घरात जे झालं, ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाबांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. "अभद्र! घरात असं कराले लाज नाही वाटत तुले? मी मेलो का अजून?" त्यांनी सगळ्या पट्ट्या गोळा करून डब्यात कोंबल्या आणि डबा माळ्यावर टाकला. आई खुर्चीत बसून पाहत राहिली. म्हणाली, "टाका. मले काही चढता येत नाही, पोट्टीले येते." आणि माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? दोघंही माझेच. बाबा बाजारात गेल्यावर मी स्टूल लावून डबा काढून दिला. पुढं मग तसंच चाललं, बाबा वर टाकायचे, मी खाली काढायची. काही दिवसांनी त्यांनी टाकणं सोडलं, पण त्या टेबलाशी बसणंही सोडलं. त्यांची खुर्ची ओसरीत गेली. पट्ट्या आता मी कापायची, आणि त्या वाकड्यातिकड्या निघायच्या.

एकदा मी तिला सरळच विचारलं. हाराची कसली चिंता तुला? मामाच्या घरी गाडीभर फुलं आहेत. मी आहे, बाबा आहेत.

ती सुई ठेवून बोलली. "तुया आजीच्या फोटोले हार कोन घाले?"

"तू."

"दुसऱ्या दिवशी फुलं काळी पडतात, तिसऱ्या दिवशी घाण मारतात. फुलवाल्याच्या घरची हावो मी, मले कोनी सांगाव नाही लागत. तुया बापानं एक दिवस तरी हार बदलला का? आई होती त्याची. वाईट नाही तो माणूस, त्याले दिसतच नाही. माया हार कोन बदलीन? तू अकोल्याले. मंग वाळलेलं गवत गळ्यात घेऊन मी भिंतीवर लटकून राहू का वर्षभर?"

मी चिडले. मी येईन ना बदलायला, मी म्हणाले. ती म्हणाली, "येशीन. चार महिने येशीन." आणि परत गुंडाळायला लागली. मला इतका राग आला, की मी उठून मोरीत भांडी घासायला बसले, घासलेलीच भांडी. राग तिचा नव्हता. ती खरं बोलत होती याचा होता.

त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी यायची. बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो. वाटेत ठरवायची की आज हारावर बोलायचं नाही. पण दार उघडलं की ती आधी हात दाखवायची, किती फुलं झाली ते. फुलं आठवड्याला कमी कमी होत गेली. मी मदतीला बसायची, तर माझी गुंडाळी ती उलगडून टाकायची. "हे पाह्य, पोकळ हाय. वारं लागलं की सुटीन." तिच्या बधिर बोटांनी केलेली गुंडाळी अजूनही माझ्यापेक्षा घट्ट होती, फक्त एकेकीला अर्धा तास लागायचा. डिंक बोटाला लागून वाळायचा, ओढताना साल निघायची, तिला कळायचं नाही. एकदा कागदाच्या कडेनं बोट कापलं आणि निशिगंधाची पांढरी कळी लाल झाली. मी ओरडले. तिनं बोट पाहिलं, कळी पाहिली, म्हणाली, "राहू दे, मागच्या बाजूनं लावू, भिंतीकडून." मी रडायला लागले तर मलाच रागावली, डिंकात पाणी पडलं तर डिंक धरत नाही म्हणून.

मामा भेटायला आला तेव्हा त्यानं हार पाहिला. झेंडूचं एक फूल हातात घेऊन उलटंपालटं केलं, खालून देठाची बाजूही पाहिली. मग ओसरीत बाबांजवळ जाऊन बसला. जाताना मामा तिला एवढंच म्हणाला, "बाई, अंगावर मात्र माहीच फुलं."

"हाव," आई म्हणाली. "थे तुयं."

हार एका रविवारी सकाळी पूर्ण झाला. बाबा दूध आणायला गेले होते. आईनं शेवटची गाठ मला मारायला लावली आणि म्हणाली, "लावून पाहू, लांबीले कसा दिसते." मी म्हणाले, नको. ती म्हणाली, "आखूड झाला त मंग कोन वाढवीन? चाल, चढ." फोटो तिनं आधीच निवडून मोठा करून आणला होता, केस होते तेव्हाचा, माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला. तो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. देवघराशेजारी आजीचा फोटो होता, त्याच्याजवळच्या खिळ्यावर मी तो टांगला आणि हार घातला. आई पलंगावरून मान तिरकी करून पाहत होती. "एक बोट खाली आला, पण चालते," म्हणाली. मग तिला मळमळायला लागलं. मी तिला धरून न्हाणीत नेलं, ती म्हणाली, "जाय तू, मी येतो." तिला न्हाणीत कोणी सोबत उभं राहिलेलं आवडत नसे, शेवटपर्यंत. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

हार काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

फाटक वाजलं. बाबा आत आले. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी गाळणी हातात घेऊन बाहेर आले. दुधाची पिशवी फुटून दूध उंबऱ्यावरून वाहत होतं. बाबा भिंतीकडं पाहत उभे होते. पलंग रिकामा होता, पांघरूण मी घडी घालून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कवा?"

मला कळेना. "कवा काय?"

"कवा गेली?"

आणि न्हाणीच्या दाराआडून आईचा आवाज आला, "कोन गेली? अवो, मी अंदर हावो! दूध आणलं का?"

बाबा खाली बसले. दुधातच बसले. आणि असे रडले, बाप्पा, तोंडावर हात नाही, काही नाही, लहान लेकरू रडते तसे. आई दाराची चौकट धरून बाहेर आली. त्यांचं लक्ष तिच्याकडं गेलं आणि ते एकदम उठले, हाराला हात घातला. मला वाटलं, आता तोडतात. आईनंही तेच म्हटलं, "तोडा. पुन्हा कराले बोटं नाहीत माही."

बाबांचा हात तिथंच राहिला. मग त्यांनी हार एका बाजूनं सोडवला, मग दुसऱ्या बाजूनं, दोन्ही तळहातांवर आडवा धरला आणि टेबलावर ठेवला. एकही पाकळी वाकली नाही. आई पलंगावर बसत म्हणाली, "पाह्यलं ना एकदा? आता पुढच्या खेपेले घाबरसान नाही."

मला त्या वेळी तिची इतकी चीड आली. असं बोलतात का माणसाला? पण बाबांनी नाक पुसलं आणि मला म्हणाले, "एक लांब डबा पाह्य कुठं हाय का. दुमडला त मोडीन." त्या दुपारी त्यांनी आपली खुर्ची ओसरीतून परत टेबलाशी आणली. कापायला काही नव्हतं. नुसते बसले, ती पलंगावर, आणि दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, भेंडीच्या भावापासून.

पुढच्या महिन्यात आई गेली. घरीच गेली. अंगावर मामाची फुलं होती, शेवंती आणि निशिगंध, पहाटे तोडून ओल्या पोत्यात आणलेली. ती फुलं तिच्याबरोबर गेली. मोक्षधामातून माणसं परतली, आंघोळी झाल्या, तेव्हा मी फोटो पुन्हा टांगला आणि लांब डबा उघडला. बाबा म्हणाले, "दे. मी घालतो." स्टुलावर चढले. हार दोन्ही बाजूंनी सारखा केला, एक बोट खाली आला होता तो वर घेतला. हात जराही थरथरला नाही. मी मनात म्हटलं, आई, तुझंच खरं झालं. हा माणूस घाबरला नाही.

ते खाली उतरले आणि फोटोकडं पाठ करून उभे राहिले. न्हाणीच्या बंद दाराकडं तोंड करून. कितीतरी वेळ. माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. शेजारच्या काकूंना वाटलं, त्यांना पुन्हा हातपाय धुवायचे असतील. त्या पुढं झाल्या, "पाणी काढून देऊ का भाऊजी?" म्हणाल्या आणि दाराच्या कडीला हात लावला.

बाबांनी त्यांचा हात धरला.

"थांबा ना," ते म्हणाले. "ती अंदर हाये."