बियाण्याच्या पुड्यांत गेलेली वसाहत

फ्रान्सच्या एका राजानं एका माणसाला जन्मभर कैदेत ठेवलं होतं, आणि त्याचं तोंड कोणाला दिसू नये म्हणून त्यावर मुखवटा चढवला होता. तो माणूस कोण, ते अजून कोणाला नक्की सांगता आलेलं नाही. पण या कैद्यावर आमच्या मळ्यात, मेथीच्या जुड्या बांधता बांधता, आम्ही जेवढं डोकं चालवलं तेवढं त्या राजाच्या दरबारातही कोणी चालवलं नसेल. माझ्या सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं.

"राजाचा भाऊच असन वं थो. चेहरा सारखा असन. नाही तं तोंड कायले झाकते कोणी?"

मी म्हणायचे, "आत्याबाई, मासिकात तसं लिहिलेलं नाही, नुसती शंका आहे." त्या म्हणायच्या, "मासिकवाल्याले भाऊ नसन."

हा नाद मला कसा लागला ते सांगते. आमचा मळा वाशीम गावाला लागून होता. विहीर, मोट, वांगी, मिरच्या, पालेभाज्या, आणि कडेनं चार संत्र्याची झाडं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. कुंपणापलीकडे एक पेन्शनर मास्तर राहत, त्यांच्या पत्नी रोज सकाळी भाजी घ्यायला येत. त्यांना बोलायला माणूस हवं होतं आणि मला ऐकायला. भाजी देता देता त्यांनी मला ओल्या मातीवर काडीनं अक्षरं शिकवली. दोन वर्षांत मी वाचायला लागले. मग मास्तरांची जुनी मासिकं त्या मला आणून देऊ लागल्या. फाटकी, कोपरे कुरतडलेली, कधी चार-चार वर्षांची जुनी.

त्यातल्या एका मासिकात परदेशच्या इतिहासातली न सुटलेली कोडी येत. बाकी सगळं मी वाचायचे, पण जीव त्या कोड्यांत. उत्तर छापलेलं असलं की आपल्याला काय काम उरलं? न सुटलेलं असलं की आपणही त्यात हात घालू शकतो. शिकलेल्या माणसांना जमलं नाही म्हणजे आमची आणि त्यांची पायरी एकच झाली की नाही, सांगा बरं.

लंडनच्या किल्ल्यात दोन लहान राजपुत्र ठेवले आणि ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत, हे मी वाचून दाखवलं, तेव्हा सासरे मोटेवर होते. बैल थांबवून त्यांनी विचारलं, "मंग राजा कोण झाला?"

"त्यांचा काका."

"झालं तं मंग. इचारून काय राह्यली?" आणि त्यांनी बैल पुन्हा हाकले. ते कोडं आमच्या मळ्यापुरतं तिथंच मिटलं.

एक चूक मात्र माझ्याकडून नेहमी व्हायची. सनावळी माझ्या डोक्यात शिरत नसे. तीनशे वर्षं म्हणजे किती, हे मला कळायचं नाही, म्हणून मी ते सोडून देऊन पुढचं वाचायचे. त्यामुळे सासूबाईंना वाटे की हे सगळं हल्लीच घडलंय, आणि मासिक उशिरा येतंय म्हणून बातमी अडलीय. पुढचा अंक आला की त्यांचा पहिला प्रश्न, "सापडला काय वं थो तोंडझाक्या?" मी तरी कशी दुरुस्त करणार? मलाही मनातून तसंच वाटायचं.

तर एका उन्हाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेची गोष्ट आली. विलायतेची शंभरावर माणसं, बायकालेकरांसकट, समुद्रापार एका बेटावर वसायला गेली. त्यांचा जो मुखिया होता, त्याची लेक आणि जावई त्यांच्यातच होते. लेक तिथं बाळंत झाली, मुलगी झाली. धान्य कमी पडलं म्हणून मुखिया मदत आणायला विलायतेला परतला. नात तेव्हा नऊ-दहा दिवसांची. लगेच येतो म्हणाला, पण तिकडे लढाई लागली, जहाज मिळेना. तीन वर्षांनी तो परत बेटावर आला. पाहतो तर माणूस नाही. घरं उतरवून नेलेली. एका खांबावर जवळच्या दुसऱ्या बेटाचं नाव कोरलेलं.

इथपर्यंत पान होतं. पुढचं पान नव्हतं.

मी मासिक उलटंपालटं केलं. सासूबाई जुडी तशीच हातात धरून बसल्या होत्या. "वाच ना वं! पुढं काय झालं? गेला काय थो थ्या बेटावर?"

"आत्याबाई, पुढली पानं फाडलीत कोणी तरी."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं कोणी फाडली ते.

आमच्याकडे बियाणं सासूबाईंच्या ताब्यात असे. वांगं, मिरची, कारलं, दोडका, अंबाडी, सगळ्यांचं बी राखेत घोळायचं, पुड्या बांधायच्या आणि गाडग्यात भरून आढ्याला टांगायच्या. एकदा बांधलेली पुडी मृग लागेपर्यंत उघडायची नाही. वारा लागला की बी वांझ होतं, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. पूर्वी पुड्या फडक्याच्या असत. त्या वर्षी त्यांना शोध लागला की छापील कागदाला किडा लागत नाही, शाईच्या वासानं पळतो. मासिकाची मागची पानं फाडली तर सुनेला काय फरक पडणार, असं त्यांना वाटलं असणार.

"म्हंजे थो माणूस गाडग्यात हाय म्हन ना!" माझे यजमान हसत म्हणाले.

"चूप बस," सासूबाई म्हणाल्या. "मृगाले निघन बाहीर."

मृगाला अजून दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत आम्ही ते कोडं आपल्या अकलेनं सोडवायला बसलो. यजमान म्हणाले, तिथल्या रानातल्या लोकांनी मारून टाकलं असेल. मी म्हटलं, शक्यच नाही. माझ्या माहेरची माणसं पैनगंगेच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या करत. चार महिने खोपीत राहायचं आणि नदीला पाणी यायच्या आत निघायचं. निघताना बांबू, तुराट्या, सुंभ सगळं सोडवून न्यायचं, कारण पुढच्या ठिकाणी तेच लागतं. मारायला आलेला माणूस घर सावकाश उतरवू देत नाही. ज्यानं घर उतरवलं, तो आपल्या पायानं गेला. आणि नाव कोरून गेला म्हणजे मागून येणाऱ्यानं यावं म्हणून गेला.

पुढं कित्येक वर्षांनी मास्तरांनी मला सांगितलं की संकट आलं तर नावावर फुली मारायची असं त्या बेटावरच्यांचं ठरलेलं होतं, आणि फुली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना एक भोपळा उगीच देऊन टाकला. पण खात्रीनं अजून कोणालाच काही माहीत नाही, हेही ते म्हणाले.

सासूबाईंना मात्र ती माणसं कुठं गेली याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच. बाप गेला का लेकीकडे? पाणी पाजताना विचारत, भाकरी थापताना विचारत. "नाव लिवलेलं हाय, बेट जवय हाय, मंग काहून नाही जाईन? गेलाच असन."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या असं का विचारताहेत. त्यांची थोरली लेक, माझी नणंद, शेलूबाजारला दिलेली होती. माझ्या लग्नाला येताना तिच्या गाडीचा आख मोडला. ती पोचेपर्यंत करवलीचा मान चुलत बहिणीला देऊन झाला होता. सख्खी बहीण असताना चुलत बहीण कलश घेऊन उभी! ती ताटावरून उठली आणि तशीच गेली. त्याला सहा वर्षं झाली होती. मी तिचा चेहरा नीट पाहिलाही नव्हता, आणि भांडण माझ्याच मांडवातलं. सासूबाई म्हणत, ती लहान आहे, तिनं यावं. ती कोणाच्या तरी तोंडी निरोप देई, मायनं यावं.

अक्षय तृतीयेची आखाजी झाली आणि एका दुपारी सासूबाईंनी गाडगं खाली उतरवलं. मी उंबऱ्यात होते. मला आधी वाटलं, साफ करताहेत. त्यांनी पहिली पुडी सोडली.

"आत्याबाई! मृग लागला नाही अजून!"

"दिसते मले. डोये हाईत. हे वाच."

आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. दोडक्याच्या पुडीत पाककृती निघाली. मिरचीच्या पुडीत त्या बेटाचा अर्धा नकाशा. अंबाडीच्या पुडीवर इतकं होतं की मुखियानं मागं पुरून ठेवलेल्या पेट्या कोणी तरी उकरल्या होत्या, पुस्तकं भिजून गेली होती, आणि त्यानं ठरवलं की उद्या सकाळी जहाज त्या दुसऱ्या बेटाकडे न्यायचं. पुढचा तुकडा कारल्याच्या पुडीचा असायला हवा होता. कारलं गाडग्यात नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "थे शेलूबाजारले गेलं."

मग कळलं की दरवर्षी होळीनंतर त्या एका मिरचीवालीच्या हाती लेकीला बियाण्याची एक पुडी पाठवत. निरोप नाही, खुशाली नाही, नुसती पुडी. लेक ठेवून घेई, तीही काही न बोलता.

"मिरचीवालीले सांगतो, कागद वापस आन म्हणून," यजमान म्हणाले.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "गाडी जुप. आपुन जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो आणि दुपार टळल्यावर पोचलो. वाटेत मीच आपली बोलत होते, ही झाडं, ती विहीर. नणंद घरामागच्या वाफ्यात पाणी वळवत होती. आईसारखीच उभी चण, आईसारख्याच भुवया. तिनं पाहिलं, फावडं हातातून सोडलं नाही.

"काहून आली वं माय?"

सासूबाई म्हणाल्या, "कारल्याच्या पुडीचा कागद पाह्यजे होता."

मला वाटलं, झालं, आता हाकलून देणार. नणंद आईकडे पाहत राहिली. "सहा सालानं आली, अन् कागदासाठी?"

"कागदावर गोष्ट हाय. तुह्या वहिनीले वाचता येते."

"हे वहिनी काय?" तिनं मला पायांपासून वर पाहिलं. "मांडवात तं घुंगटच दिसलं होतं. बस बाई." मग आईकडे वळून म्हणाली, "पुडी आढ्याले टांगली हाय. मृगाच्या आंधी उघडत नाही मी. तूच शिकवलं."

आदल्याच दिवशी आपण तीन पुड्या फोडल्या, हे सासूबाई लेकीपुढं सांगणार तरी कशा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाफ्याकडे पाहिलं. यजमान बैलांचं काहीतरी करायला निघून गेले.

"मंग मी काय करू?" सासूबाई म्हणाल्या.

"थांब मृगापावतर," नणंद म्हणाली आणि फावड्यानं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. "इतकी घाई असन तं जाय वापस."

लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहणं सासूबाईंना कधी आवडलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे त्यांचं नेहमीचं. पण त्या ओट्यावर बसल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे मंग."

आम्ही दोघं परत आलो. मळा, भाजी, सासरे, सगळं एकटीच्या अंगावर पडलं, आणि वाचायला तो महिना काही फुरसत झाली नाही. मृग लागून गेल्यावर आठव्या-नवव्या दिवशी शेलूबाजारची गाडी आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. सासूबाई उतरल्या, त्यांच्यामागून नणंद. माझ्या लग्नानंतर तिचा पाय पहिल्यांदाच या मळ्यात पडत होता. पदराच्या गाठीतून तिनं कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर राख अडकली होती.

"आम्ही कोणाले वाचाले नाही देल्लं," ती म्हणाली. "माय म्हणे, माही सूनच वाचन."

तिघी संत्र्याच्या सावलीत बसलो. मी वाचलं. रात्रीत वादळ सुटलं. जहाजाचे नांगर तुटले. खलाशी पुढं जायला तयार होईनात. मुखिया तसाच विलायतेला परत गेला आणि पुन्हा कधी त्याला तिकडे जाता आलं नाही. लेक आणि नात त्याला दिसल्या नाहीत.

मग सासूबाई म्हणाल्या, "निघाला तं होता बिचारा. वादळानं फिरवला."

"एका वादळानं फिरते काय माय कोणी?" नणंद म्हणाली.

माझ्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं, मुखियाच्या बाजूनंही आणि लेकीच्या बाजूनंही. पण मी कागदाच्या घड्यांतली राख झटकली. सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"मांगच्या बाजूनं काय लिवलं हाय?"

"डोक्याच्या तेलाची जाहिरात आहे, आत्याबाई."

"थे वाच."