पंगतीत लागलेला डोळा

सरकीचा वास आला की मला माय आठवते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माय वर्ध्याच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती आणि कापसाच्या हंगामात दोन-दोन पाळ्या करायची.

त्यातच जवळच्या आंजी गावात मावशीचं लग्न निघालं. माय जिनातून थेट मांडवात आली. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. पंगतीत ती माझ्याजवळ बसली आणि वरणभाताचा घास हातात धरूनच झोपली. तिची मान पत्रावळीवर कलली.

“हे बाई पिऊन आली का?” वराकडची एक बाई म्हणाली. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मायला कोपरानं ढोसलं.

“ऊठ ना माय, सारे पाहून राह्यले!”

ती दचकली. पदरानं तोंड झाकत पुटपुटली, “कवा डोळा लागला, मले समजलंच नाई.”

परत आल्यावर तिनं मुकादमाला सांगितलं, “आता एकच पाळी करीन.” त्या दिवशी ती ऊन असताना घरी आली. आम्ही दोघी अंगणात बसलो, पण मी तिच्याशी धड बोललेही नाही.

आता वाटतं, पंगतीत तिची मान मी माझ्या खांद्यावर घ्यायला हवी होती.