पिल्लू यायच्या आधी

बाई गेली त्याला आता पाच महिने होतील. आईला आम्ही बाईच म्हणत असू. तिच्याबद्दल लिहायला बसले की तिचं आजारपण डोळ्यांपुढे येत नाही, तिचे उपासही येत नाहीत. आठवतात ते एका मार्गशीर्षातले पंधरा-वीस दिवस. त्या दिवसांत तिने आमचं घर एका कुत्र्याच्या पिल्लासाठी तयार केलं होतं, आणि तिने कुत्र्याला कधी बोटही लावलेलं नव्हतं.

मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. मी आठवीत होते. मालेगावात वाशीमच्या रस्त्याला आमचं दुकान होतं. पुढे किराणा, बाजूला गुरांच्या खाद्याची, सरकी-ढेपेची अंधारी कोठी, मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. मी, बाई, बाबा आणि माझ्यानंतर फार उशिरा झालेली, तेव्हा तीन वर्षांची असलेली लहानी. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, जमिनीखालचं काही खायचं नाही. बाईचे नियम याहून कडक होते, पण ते ती आमच्यावर लादत नसे.

बाबांना ऐकू कमी येत होतं. आज मी हे वाक्य सरळ लिहिते आहे, पण तेव्हा आमच्या घरात ते कोणी उच्चारत नसे. आम्ही म्हणायचो, बाबांचं लक्ष नव्हतं. गिऱ्हाईकाने गूळ मागितला आणि बाबांनी डाळ बांधून दिली, तर त्यांचं लक्ष नव्हतं. रेडिओ त्यांनी फळीवर वर ठेवून दिला तेव्हा बाई म्हणाली, सेल महाग झाले. बाबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत, आणि गावातले लोक म्हणत की शेठजी फार मन लावून ऐकतात.

भाद्रपदात एका दुपारी बाई आणि मी मंदिरात गेलो होतो. लहानी बाबांजवळ होती. आम्ही परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मला घोगरा, चिरका आवाज ऐकू आला. कोठीत खेळता खेळता लहानीच्या धक्क्याने सरकीचं पोतं घसरून दाराला टेकलं होतं, आणि तिला दार उघडता येत नव्हतं. ती किती वेळ रडत होती कोण जाणे, तिचा आवाज बसून गेला होता. कोठीच्या दारापासून चार हातांवर बाबा मान खाली घालून जिऱ्याच्या पुड्या बांधत होते. आम्हाला पाहून ते हसले आणि लहानी आत झोपली आहे अशी त्यांनी हाताने खूण केली.

लहानीला काही झालं नव्हतं. ती संध्याकाळी खेळायलाही लागली. पण त्या रात्री बाबा बाईला एवढंच म्हणाले, “तिले माझ्यापाशी ठेवत नको जाऊ.”

आधी ते तिला दुकानात साखरेच्या पोत्यावर बसवून वाटाण्याचे दाणे मोजायला शिकवत. ते बंद झालं. ती दुकानात आली की ते मला हाक मारून तिला आत न्यायला सांगत, आणि पुन्हा कामाला लागत. त्यांचा तिच्यावर राग नव्हता. त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. लहानीला ते कळायचं वय नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून वाटाणे मागायची.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी ज्वारीचं पीठ मळता मळता बाई मला म्हणाली, “आपन कुत्रं पाळू.” मला वाटलं तिची चेष्टा चालली आहे. आमच्यात मांस खाणारं जनावर पाळणं चांगलं मानत नाहीत. त्याने जीव मारला तर त्याचं पाप पाळणाऱ्याला लागतं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. पण ती शांतपणे सांगत राहिली की रस्त्यावरची ढोरं ढेपेच्या पोत्यांत तोंड घालतात, राखणीला काहीतरी हवं. ढोरं तर माझ्या जन्माआधीपासून तोंड घालत होती. ती कशासाठी बोलते आहे हे मला समजलं होतं, आणि मला समजलं आहे हे तिलाही कळलं होतं. आम्ही दोघीही ढेपेबद्दलच बोललो. बाबांनाही तिने ढेपच सांगितली. त्यांनी मान हलवली.

पिल्लं समोरच्या मास्तरांच्या घरी होती. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. बौद्ध कुटुंब, चार वर्षांपासून समोर राहत होतं. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, ती आमच्या ओट्यावरून दिसायची. चार वर्षांत बाई त्यांच्या अंगणात गेली नव्हती. भांडण नव्हतं. रस्त्यातून बोलणं व्हायचं, एवढंच. त्यांची कुत्री व्याली तेव्हा गल्लीतल्या पोरींनी घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल जमा केलं आणि बाळंतिणीसाठी करतात तसा शिरा तिच्यासाठी केला. त्यात बाईने गूळ जरा जास्तच घातला होता. आता ती तेच निमित्त करून मला सोबत घेऊन गेली आणि फाटकाशी उभी राहिली.

मास्तरीणबाई धुणं वाळत घालत होत्या. बोलायला फटकळ, पण मनाने मोकळ्या. बाईने पिल्लू मागितलं तेव्हा त्यांनी हातातलं लुगडं आधी नीट पिळून दोरीवर टाकलं.

“कुत्रीचं पिल्लू चालते व्हय तुमच्या घरात?” त्या म्हणाल्या. “मंग आमी काय पाप केलं, शेठाणीबाई?”

 बाईची नजर खाली गेली. मास्तरीणबाईंनाच मग वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, पिल्लू अजून अंगावर पितं, वीस दिवस तरी नेता येणार नाही. आणि नंतरही अनोळखी घरात ते रडेल, म्हणून ज्याला न्यायचं त्याने रोज येऊन जवळ बसावं, त्याला वास ओळखीचा होऊ द्यावा. “या रोज. अन् येसान तं च्या घ्या लागन.”

दुसऱ्या दिवशी बाई गेली. बाहेरचं काही न घेण्याचा तिचा नियम होता, तिने त्याचं काय केलं हे मला तिने कधी सांगितलं नाही. ती अंगणात फरशीवर बसली, पिल्लं तिच्या लुगड्याच्या काठाशी झोंबत राहिली, आणि तिने कपातला चहा सगळा प्यायला. नंतर ती रोज जाऊ लागली. कुत्र्याची भीती मात्र गेली नव्हती. पिल्लू पायाशी आलं की तिची पावलं आपोआप आखडायची.

घरातली तयारी उंदरांपासून सुरू झाली. पिल्लू मोठं होऊन उंदीर मारणार, म्हणून ते यायच्या आतच उंदीर घरातून गेले पाहिजेत, असं बाईने ठरवलं. रोज पिंजरा लावायचा, आणि सकाळी त्यातला उंदीर मी शाळेच्या वाटेवर नाल्यापलीकडे नेऊन सोडायचा. मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या घरचे उंदीर काहून फिरायले नेतं तू? मी मान खाली घालून चालायची. उंदीर गेले तशी बिळं शेणमातीने बुजवली गेली. बाबा दुकानातून हे सगळं पाहत होते. एकदा त्यांनी मला पिंजऱ्यासकट थांबवून आतल्या उंदराला दोन शेंगदाणे दिले.

मग चहाचं रिकामं खोकं कोठीच्या दाराशी आलं, त्यात पोत्याच्या दोन घड्या. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची एक थाळी आणि एक वाटी वेगळी काढली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बाईने गेरूची रेघ ओढली आणि लहानीला सांगितलं, पिल्लू इथपर्यंतच येईल. तेव्हापासून लहानीही त्या रेघेशी थांबून आत यायची परवानगी मागू लागली. पिल्लाने काय खायचं हे ठरलं, ताकात कुस्करलेली भाकर. कधी खायचं हेही ठरलं, आपल्यासारखंच, दिवस मावळायच्या आत. मास्तरीणबाई हे ऐकून हसल्या होत्या. त्याचं पाणीसुद्धा गाळूनच ठेवायचं म्हणून बाईने जुन्या धोतराचं दुहेरी फडकं शिवलं.

पिल्लू आणायचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी उन्हं अजून ओट्यावर होती आणि आम्ही जेवायला बसलो होतो. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारलं, की एवढं करून हा कुत्रा करणार काय. बाई तवा उतरवत होती. ती त्यांच्याकडे तोंड करून, नेहमीसारखी सावकाश म्हणाली, “कोनी आलं, कोनी रडलं, तं तो भुकन.”

रडलं हा शब्द तिच्या तोंडून निसटला. तिलाही तो ऐकू आला.

“भुकन,” बाबा म्हणाले. “मंग?”

“मंग तुमचं लक्ष जाईन.”

बाबांनी तुकडा ताटात ठेवला. “माझं लक्ष असते वं,” ते म्हणाले. “मले ऐकू येत नाही. तो भुकला, तरी मले येनार नाही.”

 लहानी वाटीतलं वरण बोटाने चाटत होती. मी बाईकडे पाहिलं. वीस दिवस तिने बिळं बुजवली, रेघ ओढली, फडकं शिवलं, ती दुसऱ्याच्या अंगणात भीतीने पाय आखडून बसली. आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही आली नव्हती. जो शब्द घरात उच्चारायचाच नाही, त्याच्या पुढचा विचार तरी कोण करणार?

मग बाबा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. “गावाबाहेर उंदीर नेऊन सोडले,” ते मला म्हणाले, “अन् हे कोनाच्या डोक्यात आलं नाही?” बाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे विचारायचं राहून गेलं.

मला वाटलं, आता पिल्लू येणार नाही. पण सकाळी बाबा स्वतःच समोर गेले आणि उपरण्यात गुंडाळून ते घेऊन आले. काळं, पोटाशी पांढरं, कान पडलेले. बाईच्या लुगड्याचा वास येताच ते थरथरायचं थांबलं. बाबांनी दुकानातली सुतळी घेतली, एक टोक त्याच्या गळ्यातल्या कापडी पट्ट्याला बांधलं आणि दुसरं आपल्या घोट्याला. पिल्लाला काही शिकवावं लागलं नाही. कुठे खुट्ट झालं की ते तिकडे धावायचं, आणि बाबांच्या पायाला ओढ बसायची. बाबा मान वर करून बघायचे. पहिले दोन दिवस ते विनाकारणही वर बघत राहिले. चिमणीसाठी, एस.टी.साठी, वाऱ्याने हललेल्या पोत्यासाठी.

आठेक दिवसांनी दुपारी बाईने लहानीला उचललं, दुकानात नेऊन साखरेच्या पोत्यावर बसवलं, आणि मला म्हणाली, चाल मंदिरात. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला हाक मारली नाही. त्यांनी वाटाण्याचा डबा जवळ ओढला.

मंदिरात बाईचं मन नव्हतं. परतताना ती भरभर चालली, आणि आमच्या ओट्याशी येऊन एकदम थांबली. दुकानात धनज गावाकडचा एक म्हातारा गिऱ्हाईक काहीतरी मागत होता. लहानी पोत्यावर बसून मोजत होती, तीन, चार, सात. पिल्लू तिच्या पायाशी झोपलं होतं, सुतळी सैल पडली होती.

“जरा जोरानं बोला, बुवा,” बाबा म्हाताऱ्याला म्हणाले. “मले ऐकू कमी येते.”

म्हाताऱ्याने जोराने सांगितलं. त्याला मीठ हवं होतं. बाबांनी मीठच बांधलं.

बाईने चपला काढल्या होत्या, तरी गिऱ्हाईक जाईपर्यंत ती पायरीवरच उभी राहिली. मग उन्हाकडे पाहून म्हणाली, दिवस कलला, पिल्लाची भाकर कुस्करायची आहे. आत जाऊन तिने फडकं वाटीवर धरलं आणि पाणी गाळू लागली. त्या कुत्र्याला तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. ते बारा वर्षं जगलं, आणि बारा वर्षं तिने त्याचं पाणी गाळलं.