पास झालेल्या खोल्या

वहिनीचं कौतुक करणं नणंदेच्या जिवावर येतं म्हणतात, आणि माझ्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. तरी एवढं कबूल करते, की भावाचा कारखाना बंद पडला आणि तो दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागला, तेव्हा घर हिनेच सावरलं. ती मोठ्या हॉटेलात नोकरी मागायला गेली, तेव्हा तिला वाटलं होतं, रिसेप्शनवर बसवतील. मॅनेजरने विचारलं, "पलंग आवरता येतो का?" ती म्हणाली, "घरी तरी दुसरं काय करते?" लागलीच हॉटेलचा निळा कोट तिच्या अंगावर आला.

हा मॅनेजर एके काळी दारात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा, आणि नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचा. आधी खोल्या आवरायच्या, मग मजल्याची सुपरवायझर, मग सगळ्या खोल्यांची मुख्य. "इथे वर जायला कुणालाही अडवत नाही," म्हणायचा. मला हसू यायचं, कारण लिफ्टमध्ये मात्र खोल्या आवरणाऱ्या बायकांना अडवायचे. ती पाहुण्यांसाठी होती.

खोल्या आवरायला दोघींची जोडी असे. वहिनीची जोडीदारीण उंच आणि काटकुळी. सगळे तिला शेंग म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. पलंगाच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. दोघींच्या संसारातलं काही म्हणून त्या चादरीवरून पलीकडे जायचं राहिलं नाही. शेंगेच्या नवऱ्याची दारू, माझ्या भावाचं मौन, आणि अर्थातच मी. शेंग पहिल्यांदा भेटली तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "म्हणजे त्या ह्या का." मी काय समजायचं ते समजले.

पलंग झाला की शेंग खोली पुसायची आणि वहिनी बाथरूममध्ये शिरायची. तसं कुणी ठरवलं नव्हतं. वहिनीला दुसऱ्याने घासलेला नळ पसंतच पडत नाही. आमच्या घरीही मी धुतलेली भांडी ती पुन्हा धुते आणि मला दिसू नये अशी धुते, पण मला दिसतं.

काही वर्षांनी ती सुपरवायझर झाली. त्याच सुमारास हॉटेलने माणसं कमी केली, जोड्या मोडल्या, आणि एका खोलीला एकच बाई आली. वहिनीचं काम आता तपासण्याचं. पाहुण्यासारखं खुर्चीत बसून बघायचं, वाकून पलंगाखाली बघायचं, आरशाकडे तिरकं बघायचं. काही राहिलेलं दिसलं, तर आपण हात लावायचा नाही. जिने खोली आवरली तिला हाक मारून परत बोलवायचं आणि तिच्याकडूनच करून घ्यायचं, असा नियम होता.

शेंगेचे पलंग बघत राहावेत असे. बाथरूमच्या नळामागे मात्र पांढरे डाग, जाळीत केस. पहिल्या दिवशी वहिनीने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कालपर्यंत समोरासमोर उभं राहून काम केलं, आज हिला बोट दाखवून कसं बोलवायचं? तिने फडकं घेतलं, नळ पुसला आणि खोली पास केली. मग ते रोजचंच झालं.

पुढे शेंगेच्या गुडघ्यांनी दगा दिला. वाकून गादी उचलताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोल्या आवरणं आता फार दिवस झेपणारं नव्हतं. सुपरवायझर झाली तर नोकरी टिकेल, नाही तर घरी बसायचं, आणि तिच्या घरी बसून चालणारं नव्हतं. वरच्या मजल्यावर सुपरवायझरची जागा निघाली. मॅनेजर म्हणाला, "शेंगेची एकही खोली कधी परत गेली नाही. तिलाच घेऊ. आधी थोडे दिवस मुख्य बाईंच्या हाताखाली खोल्या आवरून दाखवू दे."

वहिनीला जेवण जाईना. खरं सांगावं तर शेंगेची संधी जाणार, न सांगावं तर वर जाऊन तिची फजिती होणार. "शिकेल ती तिथे," असं ती स्वतःलाच समजावत राहिली आणि गप्प बसली.

मुख्य बाईंनी शेंगेला पहिल्याच खोलीत परत बोलावलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नव्या पोरींच्या देखत विचारलं, "तुम्हाला आजवर पास कोण करत होतं?" शेंगेची पुन्हा खाली रवानगी झाली.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. मी चहा ठेवला, तिने घेतला नाही.

"मला हाक का नाही मारलीस?" तिने वहिनीला विचारलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, तिने तुमच्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी केलं असतं तर बोलावून शिकवलं असतं," शेंग म्हणाली. "मी नाराज होईन म्हणून घाबरली ती. स्वतःसाठी केलं."

मला तिचा राग आला, आणि लगेच कळलं की बाई खोटं बोलत नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मुख्य बाईंच्या जागेसाठी तिचं नाव चाललं होतं, ते मागे पडलं. तिने मागितलं एकच: शेंगेला माझ्याच मजल्यावर ठेवा आणि पुन्हा एकदा संधी द्या. मॅनेजर कुरकुरत तयार झाला.

त्यानंतर वहिनीने हाक मारायला सुरुवात केली. शेंग गुडघा धरत यायची, "काय राहिलं?" विचारायची, वहिनी दाखवायची, ती पुसायची आणि जायची. त्यापलीकडे एक शब्द नाही. नवरा नाही, नणंद नाही. वहिनी घरी येऊन सांगायची, आज इतक्यांदा बोलावलं, आज जरा कमी. हळूहळू आकडा उतरत गेला. मला वाटायचं, चला, गाडी रुळावर येतेय.

परवा वहिनी आली आणि चपलाही न काढता दाराशीच बसली. म्हणाली, "आज शेंगेला एकदाही बोलवावं लागलं नाही."

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं. "आता तिला वरची जागा मिळेल. तुझा चेहरा का पडलाय?"

"आता ती माझ्याशी बोलणार कधी?" वहिनी म्हणाली.