नानाच्या हातची बोहनी

मेलेल्या माणसाला अहोजाहो करायची आपल्याकडे पद्धत आहे. नानाला मी ते करणार नाही. जिवंतपणी तोंडावर "नाना, तुम्ही" म्हटलं, तेवढं पुरे झालं.

नानाच्या कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा असायचा. पुण्याच्या एका चहा कंपनीने त्याला जळगाव-धुळ्याची एजन्सी दिली होती. तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. एकाच रंगाच्या पाट्या, एकसारख्या पुड्या आणि दुकानं तीन: जळगाव, धुळ्याचं देवपूर आणि साक्री. तिन्ही ठिकाणी शटर नाना स्वतः उघडायचा, अगरबत्ती लावायचा आणि पहिली पुडी स्वतःच्या हाताने विकायचा. तोवर कुणी तराजूला हात लावायचा नाही. "मना हातनी बोहनी शे म्हणून बठ्ठं चालस," त्याच्या हातच्या पहिल्या विक्रीवर सगळं चालतं, हे दिवसातून दहादा ऐकावं लागायचं.

जळगावात ते खरंच चालायचं, हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं. बाई आली की विचारायचा, "अक्का, पानी विहीरनं का नळनं?" आणि त्या पाण्याला जुळेल तो चहा द्यायचा. ती बाई पुन्हा दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. एका दुकानाचा राजा होता लेकाचा! पण तीन गावांत एकाच वेळी बसता येत नाही, एवढं साधं त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

साक्रीचं दुकान माझ्याकडे होतं. जळगावच्या कापसाच्या जिनिंगमधली कायमची नोकरी सोडून मी बायकोला घेऊन तिकडे गेलो होतो. नाना सकाळी जळगाव उघडायचा, एसटीने देवपूरला यायचा, ते उघडून पुढच्या गाडीने साक्रीला. पोचेपर्यंत एक वाजायचा, गाडी बिघडली तर दोन. तोवर मी बंद शटरपुढे पायरीवर बसलेला. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या गावांतले लोक सकाळी यायचे आणि दुपारी परतीला लागायचे. समोरच्या किराणावाल्याकडून चहा घ्यायचे, माझ्या डोळ्यांदेखत! वर मलाच विचारायचे, "काय भाऊ, चहावाला उना नही का आजून?"

नानाला म्हटलं, बाजाराच्या दिवशी तरी किल्ली माझ्याकडे ठेवा.

"तुले काय समजस?" तो म्हणाला. "तुना हातले बरकत शे का?"

बायको म्हणाली, "दुकान कुठलं हो तुमचं? पायरी तेवढी तुमची."

पावसाळा संपता संपता कंपनीचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत साक्रीचा खप वाढला नाही तर दुकान बंद. मग एका दुपारी नाना जेवायला बसला, जुडगा खुंटीला होता, आणि मी साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उठवला. पुढच्या बाजाराला सकाळी सातला शटर वर! बारापर्यंत अर्ध्या फळ्या रिकाम्या झाल्या, तरी बायकांची रांग हलेना. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

एक वाजता नाना आला. भरल्या दुकानातून त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, शटर ओढलं, फरशी धुतली, अगरबत्ती लावली आणि शटर नव्याने उघडलं. तोवर बाजार उठला होता. बोहनीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा शेवटी त्याने स्वतःच एक पुडी विकत घेतली. मग मला म्हणाला, "चाल, नीघ. मना दुकानमा चोर नको."

बायको माझा डबा घेऊन पायरीवर उभी होती. तिने तो शब्द ऐकला. तेवढ्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही.

दिवाळीला साक्री बंद झालं, वर्षभरात देवपूर. पुढे जळगावही गेलं. त्या एका बाजाराचा खप कंपनीने बघितला होता. साक्री त्यांनी मला थेट दिलं, नंतर पिंपळनेर. तिथली किल्ली तिथल्या माणसाकडे.

बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर नाना भेटला. वाळून गेला होता. कमरेला जुडगा तसाच, तिन्ही किल्ल्यांसकट.

"साक्रीले किती वाजता उघडस?"

"सातला."

"कोन उघडस?"

"जो आधी पोचेल तो."

"मंग बोहनी कोन करस?"

"गिऱ्हाईक करतं, नाना."

तो किल्ल्या चाचपू लागला. शेजारीच चहाची टपरी होती. आपल्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात. मी विचारला नाही.

महिन्याभराने तो गेल्याचं कळलं. आपल्याला वाईट वाटतंय का ते बघायला मी हातातली पुडी ठेवून जरा थांबलो. नाही वाटलं. बाजाराचा दिवस होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.