होळीआधीचे ठिपके
नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठच्या शाळेत चित्रकला शिकवायला मी तळोद्याहून जीपने आणि पुढे होडीने जाते. होळी जवळ आलेली असताना एकदा होडीत सगळे कागद भिजले. हात हलवत परतणारी मी नव्हे. तांदळाचं पीठ कालवलं आणि मुलांना म्हटलं, "एकमेकांच्या हातांवर ठिपके काढा." कुणी बोट बुडवेना. मी चिडले.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे नवसाला काढतात. ठिपके काढलेला माणूस होळीपर्यंत खाटेवर झोपत नाही."

"मग माझ्या हातांवर काढा."

त्यांनी खांद्यापर्यंत रंगवलं. कागदावर इतकं देखणं त्यांनी कधी काढलं नव्हतं.

परतताना होडीवाल्याने विचारलं, "नवस कशाचा?"

"पोरांच्या चित्रकलेचा."

घरी पोचताच मी खाट उचलून भिंतीला उभी केली.