मशीनमधली तारीख

नाशिक रोडला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात त्या बाई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. बाबा गेल्यानंतर त्यांचा जुना कॉम्प्युटर चालू होतो का, ते बघायला मी तिथे गेलो होतो.

ताप बघावा तसा त्यांनी आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला. मग ड्रॉवरमधून ओरखडे पडलेली एक सीडी काढली.

"ही अजून वापरता?" मी विचारलं.

"नवीन सॉफ्टवेअर या म्हाताऱ्यांना ओळखतच नाही हो. या सीडीतलं जुनं बरोबर ओळखतं."

सीडी आत सरकवून त्यांनी मशीन चालू केलं, तशी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क. घरी आलेल्या पाहुण्यांची विचारपूस करावी तशा त्या एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या आणि मान डोलावत होत्या. हा पडदा मी लहानपणी बाबांच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिला होता.

"सगळं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त घड्याळाची बॅटरी संपलीये. ती संपली की मशीन बनलं त्या सालात परत जातं. आजची तारीख टाकू?"

पडद्यावर वीस वर्षांपूर्वीचं साल होतं.

"तेव्हा बाबा होते," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला आणि माझ्याकडे स्टूल सरकवलं.

"बसा. चहा सांगते. मला काही घाई नाही."

आम्ही चहा प्यायलो. पडद्यावर ते साल तसंच होतं. पेला खाली ठेवून शेवटी मीच म्हणालो, "टाका आता आजची तारीख."